वानगीचा घोट

धान्याच्या पेठेत एक जुनी रीत होती. गिऱ्हाईक पोत्यापुढे उभे राहिले की दुकानदार मूठभर जोंधळा त्याच्या हातावर टाकी. गिऱ्हाईक दाणे चोळून पाही, एखाददुसरा दाताखाली धरी, आणि मग भावाची बोलाचाली सुरू होई. त्या मूठभर दाण्यांना वानगी म्हणत. आपण वर्गात किंवा सभेत ‘वानगीदाखल एक उदाहरण देतो’ असे म्हणतो, ती वानगी हीच. ती फुकट मिळे खरी, पण कोणी उदार होऊन देत नसे. वानगी हातावर घेतली की अर्धा सौदा झाला, हे पेठेतल्या पोऱ्यालाही ठाऊक होते.

आज पोत्याची जागा काचेच्या कपाटाने घेतली आहे, पण वानगी आहे तशीच आहे. सणासुदीच्या दिवसांत कोणत्याही मोठ्या दुकानात जा. एप्रन बांधलेली एखादी मुलगी तबकात इवलेसे कागदी पेले घेऊन हसतमुखाने उभी असते. कोणत्या पेल्यात नवे सरबत असते, कोणत्यात गवती चहा. पोरे एक पेला रिचवतात, एक चक्कर मारतात आणि दुसऱ्यासाठी पुन्हा हजर होतात. त्यांना कोणी वय विचारीत नाही. सरबताला वय कशाला? प्रश्न उभा राहतो तो त्या इवल्या पेल्यात मद्य आले म्हणजे.

महाराष्ट्रात हा प्रश्न अगदी दाराशी येऊन गेला. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून, म्हणजे सुपरमार्केटांतून, वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष-बागायतदारांना चार पैसे मिळावेत, हे कारण सांगण्यात आले. ते खोटे नव्हते. नारायणगाव आणि नाशिककडच्या द्राक्षांची वाइन होऊ लागून बरीच वर्षे झाली आहेत. पण राज्यभर गदारोळ उठला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि पुढे काही महिन्यांत सरकारच बदलले. त्या वादात वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर शाई फार खर्ची पडली. जिथे आई मुलाचे बोट धरून साबण आणि शेवया घ्यायला जाते तिथे बाटली आली, तर तिच्यामागून वानगीचा पेलाही येणार, आणि तो कोणाच्या हातात पडणार, हे विचारणारे मात्र थोडे होते.

आपल्या राज्यातले नियम कागदावर कडक आहेत. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अजून हयात आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे बियर आणि वाइन यांसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात, आणि व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी २५. शिवाय पिणाऱ्यापाशी परवाना हवा. एका दिवसाचा परवाना वर्षानुवर्षे पाच रुपयांना मिळत आला आहे. चाळिशीच्या गृहस्थानेही सरकारला पाच रुपये देऊन मगच पेला तोंडाला लावावा, असा हा बंदोबस्त! प्रत्यक्षात तो परवाना किती जणांच्या खिशात असतो हे वाचकांना मी सांगायला नको. गोव्यात हीच वयोमर्यादा १८ आहे, दिल्लीत २५, केरळात २३. राज्याची हद्द ओलांडली की तोच मुलगा कुठे जाणता होतो, कुठे पुन्हा अजाण.

परंतु या सर्व नियमांना ओळख आहे ती विक्रीची. पैसे, पावती, परवाना, दुकानाची वेळ. वानगीला पावती नसते. दुकानदाराच्या मनात म्हणून एक पळवाट तयार होते, की ‘मी विकले कुठे?’

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची सहल गोव्याला गेली होती. अकरावीची मुले, सोळा-सतरा वर्षांची. देवळे झाली, चर्च झाले, आणि परतीच्या वाटेवर बसवाल्याने गाडी एका मोठ्या दुकानापुढे उभी केली. काजू, बेबिंका, कोकमाचे आगळ आणि फेणी, सगळे एका छपराखाली. मी मोजणी करून आत गेलो तो काय, गल्ल्याजवळ एक मनुष्य प्लास्टिकच्या टोपणाएवढ्या पेल्यांतून फेणी वाटतो आहे, आणि पुढे आमची सातआठ मुले रांगेने उभी!

“अहो, ही शाळकरी मुले आहेत,” मी म्हणालो.

“सर, विकली कुठे? नुसती चव दिली,” तो निर्मळ मनाने उत्तरला, आणि मलाही एक पेला पुढे केला.

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. आलेल्या पाहुण्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे, ही त्या भूमीची रीतच आहे. फेणीशीही माझे भांडण नाही. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि गोव्याच्या कितीतरी घरांत ती पडशा-खोकल्याचे औषध म्हणून फडताळात असते. मुलांच्या हातातले पेले मी परत तबकात ठेवायला लावले. एकाने मात्र तोवर घोट घेतला होता. तो वर्गातला अगदी शांत मुलगा. बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “सर, विकत असती तर मी हात नसता लावला. त्यांनी हातात दिली म्हणून घेतली.”

त्याचे म्हणणे मला अक्षरशः खरे वाटले. आपल्या मुलांना आपण काय शिकवतो? देवळात पळीभर तीर्थ मिळाले की उजव्या हाताची ओंजळ पुढे करावी. कोणाच्या घरी गेले आणि हातावर साखर पडली तर नको म्हणू नये. वडील माणसाने दिलेले परत करू नये. ही शिकवण चांगली आहे. तिच्यावर आपली घरे उभी आहेत. पण त्यामुळे आपल्या मुलाला विकत घेण्याचा मोह आवरता येतो, दिलेले नाकारता येत नाही. खिशात पैसे नसणे ही विक्रीच्या बाबतीत त्याची आपोआप राखण असते. वानगीपुढे ती राखण उरत नाही.

गडकऱ्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तील सुधाकर काही गुत्त्यावर जाऊन पहिला पेला विकत घेत नाही. सनद गेल्याच्या अपमानाने तो पोळलेला असतो, आणि तळीराम तो पेला त्याच्या पुढे करतो. सुधाकर वकील होता, जाणता होता. आमचा विद्यार्थी सतरा वर्षांचा.

आणि कायद्याचे म्हणाल, तर ‘विकली कुठे’ ही पळवाट मुलांच्या बाबतीत मुळी नाहीच. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम वाचून पाहावे. मराठीचा मास्तर असल्यामुळे माझे लक्ष आधी क्रियापदाकडे जाते. तिथले क्रियापद ‘विकणे’ नाही, ‘देणे’ आहे. पात्र डॉक्टरांच्या सूचनेवाचून जो कोणी मुलाला, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला, मादक पेय देईल किंवा देववील, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट दिले की विकत, एक घोट की बाटली, असा भेद त्यात केलेला नाही. देशभर लागू असलेला हा कायदा गोव्यातल्या त्या गल्ल्यालाही लागू आहे. त्या भल्या माणसाला हे कोणी सांगितले नसावे.

पुण्याला मात्र हे कलम सर्वांना ठाऊक झाले, आणि फार मोठी किंमत मोजून झाले. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून दोन मद्यालयांच्या मंडळींना अटक झाली. बाल न्याय मंडळाने त्याला प्रथम जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. पुढे लोकक्षोभ उसळला आणि त्या आदेशाचा फेरविचार झाला. मी वीस वर्षे निबंध तपासतो आहे. तीनशे शब्दांत काय मावते आणि काय मावत नाही, हे मला ठाऊक आहे. दोन घरांतली माणसे त्यात मावत नाहीत.

मग गल्ल्यावरच्या माणसाने करावे तरी काय? चेहऱ्यावरून वय कसे ओळखावे? हल्लीची बारावीची मुले दाढी राखतात. इंग्लंडात यावर एक साधी तोड आहे. तिथे मद्य विकत घ्यायचे वय १८ आहे, पण पुष्कळ दुकानांत पंचविशीच्या आतला दिसेल त्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतात. ‘चॅलेंज ट्वेंटीफाइव्ह’ असे त्या पद्धतीचे नाव. तिशीतल्या माणसाकडेही मागितले तर तो हसून दाखवतो. सर्वांनाच विचारतात, मग रागावायचे कोणावर? आपल्याकडे तबक घेऊन उभी असलेली मुलगी बहुधा स्वतःच विशीच्या आतबाहेरची असते. तिला वाटण्याचे काम नेमून दिलेले असते, विचारण्याचे नव्हे. तिच्या हाती तबकाबरोबर विचारण्याचा अधिकारही दिला, आणि विचारले म्हणून मालक ओरडणार नाही एवढी हमी दिली, तर पुष्कळ काम होईल.

दरम्यान, वानगीने एक नवेच रूप घेतले आहे. टीव्हीवर मद्याच्या जाहिरातीला मनाई झाल्यावर त्याच नावाचा सोडा आणि त्याच नावाच्या गाण्यांच्या तबकड्या आल्या, हे आपण पाहिले. आता आपल्या सुपरमार्केटांत फळांच्या रसाशेजारी ‘शून्य टक्के’ बियर मांडलेली असते. बाटली तीच, रंग तोच, नाव तेच. फक्त मद्यार्क काढून घेतलेला. तिच्यात मद्य नाही, म्हणून वयाची अट नाही, परवाना नाही. तेरा वर्षांच्या मुलाने ती टोपलीत टाकली तर गल्ल्यावरची मुलगी बिस्किटांच्या पुड्यासारखीच तिची नोंद करते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.