रंगीत लेन्स: माझ्या डाव्या डोळ्याने शिकवलेले तीन धडे



मागच्या डिसेंबरात मावसबहिणीच्या लग्नासाठी मी हिरवट रंगाच्या लेन्स ऑनलाइन मागवल्या. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना −६, तोच भरला. लग्न आटोपून रात्रीची बस पकडली आणि कंटाळा करून लेन्स न काढताच झोपले. सकाळी डावा डोळा लालभडक, उजेडही सहन होईना. डॉक्टरांनी पिवळा थेंब टाकून निळा उजेड पाडला, आणि कॉर्निआवर जिथे खरचटलं होतं ती जागा हिरवी चमकली. तो रंग फ्लुओरेसिन. त्याच कुळातले रंग मी लॅबमध्ये पेशी बघायला रोज वापरते! जंतुसंसर्ग झाला नव्हता, एवढंच नशीब. नंतर शांतपणे वाचायला बसले, तेव्हा कळलं की माझ्या चुका संशोधनात होतात तशाच होत्या.

पहिली चूक: आकडा उचलला, संदर्भ सोडला. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स थेट डोळ्यावर बसते. म्हणून नंबर बदलतो: −६ ÷ (१ + ०.०१२ × ६) = −५.६. लेन्स पाव-पाव नंबरच्या टप्प्याने मिळते, त्यामुळे मला −५.५० च्या आसपासची लागणार होती. नंबर ४ च्या वर गेला की हा फरक जाणवू लागतो. शिवाय लेन्सच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये बेस कर्व्ह (उदा. ८.६ मिमी) आणि व्यास (उदा. १४.२ मिमी) हेही असतात. ते चष्म्याच्या कागदावर नसतात, डोळा तपासूनच ठरतात. सिलिंडर नंबर असेल तर टॉरिक लेन्स लागते. आणि नंबर शून्य असला, लेन्स फक्त हौसेची असली, तरी तपासणी चुकत नाही. अमेरिकेत तर २००५ पासून बिननंबरच्या रंगीत लेन्सही कायद्याने वैद्यकीय उपकरणच आहेत.

दुसरी चूक: मोजमाप कुठे केलं ते विचारलं नाही. कॉर्निआमध्ये रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत घेतो. लेन्समधून किती ऑक्सिजन जातो हे 'डीके/टी' या आकड्यात सांगतात. होल्डन आणि मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये दिवसा वापरायला किमान २४ आणि झोपेत ८७ अशी मर्यादा सुचवली. १९९९ मध्ये हार्विट आणि बोनानो यांनी नव्याने गणित मांडून ती ३५ आणि १२५ वर नेली. म्हणजे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. पण गंमत पुढे आहे. कंपन्या हा आकडा सहसा −३ नंबरच्या लेन्सच्या मध्यभागी मोजलेला देतात. मायनस लेन्स मध्यभागी सगळ्यात पातळ असते, आणि रंग असतो कडेच्या वर्तुळात! मधला भाग बाहुलीसाठी मोकळा ठेवलेला असतो. म्हणजे आपल्याला ज्या भागाची काळजी, त्याबद्दल खोक्यावरचा आकडा थेट काहीच सांगत नाही. अंधारात बाहुली मोठी झाली की हेच रंगीत वर्तुळ नजरेच्या आड येऊ शकतं, म्हणून रात्री गाडी चालवताना त्या नकोतच.

तिसरी चूक: "एका रात्रीने काय होतंय?" १९८९ मध्ये पॉज्जिओ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात केलेला अभ्यास बघा. फक्त दिवसा सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० जणांमागे वर्षाला ४.१ जणांना कॉर्निआचा व्रण झाला, झोपेतही ठेवता येणाऱ्या लेन्स वापरणाऱ्यांत २०.९ जणांना. "पाचपट धोका" म्हटलं की घाबरायला होतं, "हजारात दोन" म्हटलं की निश्चिंत वाटतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणून पेपर वाचताना दोन्ही आकडे लिहून ठेवा. आणि हा अभ्यास रंगीत लेन्सवर नव्हता, हेही लिहा. धोका कमी असला तरी ज्याच्या डोळ्यावर पांढरा डाग राहतो, त्याच्यासाठी तो शंभर टक्केच असतो.

आता थोडक्यात, मी काय पाळते:

- हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केल्याशिवाय लेन्सला हात नाही.
- लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही. त्यात अकँथअमीबा असू शकतो. आंघोळ आणि पोहण्याआधी लेन्स काढायची.
- डबीतल्या जुन्या सोल्युशनमध्ये नवीन ओतायचं नाही. डबी तीन महिन्यांनी बदलायची.
- मैत्रिणीशी अदलाबदल नाही, फोटोपुरतीसुद्धा.
- मेकअपच्या आधी घालायची, मेकअप उतरवण्याआधी काढायची.
- लॅबमध्ये लेन्स म्हणजे गॉगल नव्हे. सेफ्टी गॉगल वरून हवाच.
- लाली, दुखणं, अंधूक दिसणं किंवा उजेडाचा त्रास: लेन्स लगेच काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. जाताना लेन्स आणि डबी बरोबर न्यायची, तपासणीला उपयोगी पडते.

डोळा बरा व्हायला आठवडा लागला. तेवढे दिवस मायक्रोस्कोपवर बसता आलं नाही आणि एक प्रयोग पुन्हा पहिल्यापासून लावावा लागला. हिरवट लेन्स आजही आवडतात. फक्त आता त्या तपासून घेतलेल्या नंबरच्या आणि एकदा वापरून टाकायच्या असतात, आणि बसमध्ये चढण्याआधी मी त्या काढते.