घरातला धूर कमी झाला, कचेरीतला का नाही?

धूम्रपान कमी करण्याच्या राष्ट्रीय धोरणाने नेमके काय साधले, हे तपासण्याचे भारतातील सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण होय. १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींच्या घरोघरी मुलाखती घेऊन केलेल्या या पाहणीच्या २००९-१० आणि २०१६-१७ या दोन फेऱ्या शेजारी ठेवल्या, तर कोणत्याही स्वरूपात तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आणि धूम्रपान करणाऱ्यांचे १४ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आल्याचे दिसते. १५ ते १७ या वयोगटात तर तंबाखूचा वापर १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर उतरला. घट खरी आहे. मात्र तिचे श्रेय कायद्याच्या कोणत्या कलमाला द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

मुंबईतील काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये रुग्णालये, शाळा, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. त्यानंतर २००३ मध्ये सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा आला. जाहिरातबंदी, अठरा वर्षांखालील व्यक्तींना विक्रीस मनाई आणि शिक्षणसंस्थांपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीस बंदी या त्याच्या मुख्य तरतुदी होत्या, तर सार्वजनिक जागांवरील बंदीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ रोजी अमलात आले. नियमभंगासाठी दंडाची कमाल रक्कम दोनशे रुपये ठरली.

या बंदीचा परिणाम मोजण्यासाठी परोक्ष धूम्रपानाचे, म्हणजे दुसऱ्याने सोडलेला धूर नाइलाजाने श्वासावाटे घेण्याचे, आकडे पाहावे लागतात आणि ते चकित करणारे आहेत. घरात असा धूर सोसावा लागणाऱ्यांचे प्रमाण दोन पाहण्यांच्या दरम्यान ५२.३ टक्क्यांवरून ३८.७ टक्क्यांवर आले, सार्वजनिक जागी ते २९ वरून २५.७ टक्के झाले आणि बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांच्या बाबतीत, कामाच्या ठिकाणी, ते २९.९ वरून ३०.२ टक्के, म्हणजे होते तिथेच राहिले. घराच्या उंबरठ्याच्या आत हा कायदा पाऊलही टाकत नाही. तरीही सर्वांत मोठी घट तिथेच झाली आणि जिथे दंडाची पावती फाडता येते त्या कचेरीत काहीच हलले नाही. एकूण धूम्रपान करणारेच कमी झाल्यामुळे धूर सगळीकडे थोडाफार घटायला हवा होता, हे लक्षात घेतले की कचेरीतला स्थिर आकडा अधिकच खटकतो. कायद्याने धाकापेक्षा लोकमताच्या वाटेने अधिक काम केले, चारचौघांत धूर सोडणे गैर ठरले आणि ती लाज घरापर्यंत पोहोचली, असा अर्थ त्यातून काढता येतो. ज्या साहेबाने दंड करायचा, तोच कधी कधी जिन्याखाली सिगारेट शिलगावत असतो, ही बाब मात्र कोणत्याही तक्त्यात येत नाही.

वेष्टनावरील चित्रमय इशाऱ्याची गोष्टही अशीच अर्धी फळलेली आहे. मे २००९ मध्ये पाकिटाच्या एका बाजूच्या ४० टक्के भागावर सुरू झालेला हा इशारा एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर पसरला. इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आलेल्या सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण ३८ वरून ६१.९ टक्क्यांवर आणि विडी ओढणाऱ्यांचे २९.३ वरून ५३.८ टक्क्यांवर गेले. परंतु मागील बारा महिन्यांत सोडण्याचा प्रत्यक्ष प्रयत्न करणारे दोन्ही पाहण्यांत ३८ टक्क्यांच्या आसपासच राहिले. विचार आणि प्रयत्न यांच्यामधील दरीत समुपदेशनाची सोय लागते, आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक पाकिटावर छापणे सुरू झाले ते सप्टेंबर २०१८ पासून. त्याखेरीज, टपरीवर सुटी सिगारेट मागणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. ना इशारा, ना क्रमांक. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, परंतु कोणत्याही नाक्यावरील टपरी पाहिली, तर या बंदीचे बळ किती ते कळते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर येथे धूर हा प्रश्नाचा लहान भाग आहे. २०१६-१७ मध्ये राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूररहित तंबाखू, म्हणजे गुटखा, खर्रा, मिश्री किंवा चुना लावून मळलेला तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. २०१२ च्या गुटखाबंदीनंतरचा हा आकडा आहे.

देशपातळीवर मात्र धूर म्हणजे प्रामुख्याने विडी. २०१६-१७ मध्ये विडी ओढणारे ७.७ टक्के, सिगारेट ओढणारे ४ टक्के होते. जगभरात किंमत वाढवणारा कर हा धूम्रपान घटवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो, कारण किंमत वाढली की आधी कमी उत्पन्नाचे आणि तरुण ग्राहक मागे हटतात. जागतिक आरोग्य संघटना किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा असे म्हणते. भारतात सिगारेटचा वाटा त्याच्या जवळपास दोन तृतीयांश आणि विडीचा त्याहून पुष्कळच कमी राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सिगारेट व गुटख्यासाठी वस्तू व सेवा कराचा ४० टक्के दर ठरवणाऱ्या परिषदेने त्याच बैठकीत विडीवरील दर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपत्त्यावरील १८ वरून ५ टक्के केला. या सवलतीमागे सिन्नर, सोलापूर, गोंदिया येथील, बहुतांशी स्त्रिया असलेल्या विडी कामगारांच्या पोटाचे कारण नेहमी पुढे केले जाते, आणि ते कारण खोटे नाही. परंतु या स्त्रियांची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, विडीवरील कर किती त्यावर नव्हे.