आटे कोणत्या घराण्याचे?

घरात जुनी बुलेट, बीएसए किंवा मॅचलेस असलेला माणूस बोल्ट आणायला जातो. दुकानदार विचारतो, ‘आठचा देऊ?’ तो आठ एमएमचा बोल्ट दोन फेरे सहज जातो, मग अडतो. मिस्त्री पाना लावून जोर देतो आणि ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटे निघून हातात येतात. बोल्ट काही रुपयांचा. केस आणायची कुठून?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात मिलिमीटरचे राज्य आहे. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना आला, त्याभोवती सुटे भाग करणारी वर्कशॉप उभी राहिली. तिथल्या तरुण टर्नरला इंची आटे परके वाटले तर नवल नाही. बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली खरी, पण तिचे ड्रॉइंग इंग्लंडचे. म्हणून जुन्या बुलेटचे आटेही इंचीच.

बरे, इंची म्हणजे एकच माप नव्हे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले. आट्याचा कोन ५५ अंश, माथा गोलसर. हे आटे जाड, मऊ धातूत चांगली पकड घेणारे. १९०८ च्या सुमारास त्याचाच बारीक भाऊ आला, बीएसएफ. तिसरे घराणे सायकलचे. बीएसए, रॉयल एनफिल्ड, ट्रायम्फ या सगळ्यांनी आधी सायकली केल्या होत्या. पातळ नळीवर खोल आटे पाडता येत नाहीत, म्हणून सायकलचे आटे बारीक. मोटारसायकलवर बहुतेक ठिकाणी ते इंचाला २६, बोल्ट पाव इंची असो की अर्धा इंची. कोन मात्र ६० अंश.

एकाच गाडीत इतकी घराणी कशाला, असे मला नेहमी विचारतात. एखादा स्टड काढून बघा. केसमध्ये जाणाऱ्या टोकाला व्हिटवर्थ आणि नटाच्या टोकाला सायकलचे आटे, असा प्रकार सापडतो. मऊ ॲल्युमिनियमला जाड आटे हवेत, तर पोलादी नट हादऱ्यांत सैल होऊ नये म्हणून बारीक. मला तरी यात शहाणपणच दिसते.

मॅग्नेटोसारख्या विजेच्या भागांवरचे लहान स्क्रू बीए जातीचे. गंमत म्हणजे हे माप मुळात मिलिमीटरवर बेतलेले! झिरो बीए म्हणजे ६ मिमी जाडी, १ मिमी अंतर. आपल्या सहाच्या बोल्टसारखेच. पण कोन साडेसत्तेचाळीस अंश, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढवू नये.

आता ओळखायचे कसे? नुसत्या जाडीवर जाऊ नका. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमीचा, झिजलेला आठचा बोल्टही तेवढाच भरतो. आटे मोजा. अर्ध्या इंचात ९ आले तर व्हिटवर्थ, १० तर मेट्रिक, ११ तर बीएसएफ, १२ तर अमेरिकन-इंग्लिश समझोत्याचे युनिफाइड फाइन, १३ तर सायकल. युनिफाइडच्या जाड जातीतही ९ च येतात, पण तिचा कोन ६० अंश. इंग्लिश गाड्यांवर युनिफाइड आटे मुख्यतः १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले, तेव्हा गाडीचे वय बघावे. खरा चकवा दोन सुतीत आहे. तिथे बीएसएफ आणि सायकल दोन्ही इंचाला २६! पिच गेज उजेडासमोर धरून कोन पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. चुकीचा नट बसतो, घट्टही वाटतो, पण आटे कडेलाच टेकलेले असतात. ब्रेकच्या अँकरला असा नट म्हणजे जिवाशी खेळ.

पान्याच्या आकड्यानेही फसू नका. व्हिटवर्थ पान्यावर बोल्टची जाडी लिहिलेली असते, तोंडाची रुंदी नव्हे. १/४ डब्ल्यू लिहिलेल्या पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिमी. तिथे चौदाचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात.

भोक मोठे करून मेट्रिक टॅप मारणे हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. साध्या लेथवर गिअर जुळवून इंचाला २६ आटे पाडता येतात. फक्त टर्नरला जाडी, इंचातले आटे आणि टूलचा कोन, हे तिन्ही कागदावर लिहून द्या, आणि नमुन्याला जुना नट सोबत न्या.