वाळूवरचे आशियाई फुटबॉल

आशिया खंडातील राष्ट्रीय संघांची बीच सॉकर आशियाई चषक स्पर्धा 2006 पासून होत आली आहे, तरीही गवतावरच्या फुटबॉलचे निकाल तोंडपाठ असणाऱ्या अनेक मराठी क्रीडारसिकांना तिची गंधवार्ताही नसते. ही उपेक्षा खेदाची आहे; कारण पुरुषांच्या नेहमीच्या फुटबॉल विश्वचषकात आशियाई देशांना पदक मिळवणे दुरापास्त असले, तरी वाळूवर इराणने विश्वचषकात दोनदा तिसरे स्थान मिळवले आहे आणि 2021 मध्ये मॉस्को येथे जपान थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला होता.

हा खेळ ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या किनाऱ्यांवर वाढला. 1992 मध्ये त्याचे नियम निश्चित झाले, 1995 मध्ये रिओतच पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि 2005 पासून ‘फिफा’ या जागतिक फुटबॉल संघटनेने विश्वचषकाची सूत्रे हाती घेतली. विश्वचषकातील जागा खंडनिहाय वाटल्या जात असल्याने पात्रता ठरवण्यासाठी प्रत्येक खंडाला स्वतःची स्पर्धा आवश्यक झाली आणि त्यातूनच आशियाई फुटबॉल महासंघाची ही स्पर्धा उभी राहिली. दुबईत झालेल्या पहिल्या स्पर्धेत बहारीन विजेता ठरला.

या खेळाचे बहुतेक नियम वाळूच्या स्वभावातून आलेले आहेत. मैदान सुमारे 36 मीटर लांब आणि 27 मीटर रुंद असते, वाळूचा थर किमान 40 सेंटिमीटर खोल लागतो आणि खेळाडू अनवाणी खेळतात. गोलरक्षकासह प्रत्येक बाजूला पाचच जण असतात. सामना प्रत्येकी 12 मिनिटांच्या तीन सत्रांत विभागलेला असतो आणि पाय रुतत धावणे अतिशय दमवणारे असल्याने खेळाडू बदलण्यावर संख्येची मर्यादा नसते. चेंडूत हवा कमी भरतात. भुसभुशीत, खाचखळग्यांच्या पृष्ठभागावर तो सरळ घरंगळत नाही, म्हणून जमिनीलगत पास देण्याऐवजी खेळाडू पायाच्या बोटांनी चेंडू अलगद वर उचलतो, छातीवर किंवा मांडीवर झेलतो आणि तो खाली पडण्यापूर्वीच सहकाऱ्याकडे किंवा गोलजाळ्याकडे टोलवतो. गोलकडे पाठ करून, हवेत आडवे होत डोक्यावरून मारलेली बायसिकल किक गवतावर क्वचितच दिसते. येथे मात्र पडणाऱ्याला वाळू सांभाळून घेते आणि अशी किक मारणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने अडथळा आणणे नियमबाह्य असते, त्यामुळे ती नेहमीच्या डावपेचांचा भाग झाली आहे. फ्री किक घेताना खेळाडू वाळूचा लहानसा ढिगारा करून त्यावर चेंडू ठेवतो आणि त्याच्यासमोर बचावपटूंना भिंत उभी करता येत नाही. मैदान इतके लहान असल्याने जवळजवळ प्रत्येक फ्री किक ही गोलची संधी ठरते. सामना बरोबरीत सुटत नाही. नियमित वेळेत जिंकणाऱ्याला तीन गुण, जादा वेळेत दोन आणि पेनल्टींवर जिंकणाऱ्याला एक गुण मिळतो.

आशियाई विजेत्यांची यादी पाहिली, तर सुरुवातीला आखाती देशांचे प्राबल्य दिसते. संयुक्त अरब अमिरातीने 2007 आणि 2008 मध्ये बाजी मारली. त्यानंतर जपानने 2009, 2011 आणि 2019 मध्ये जेतेपद पटकावले. ब्राझीलमध्ये जन्मलेला आणि पुढे जपानचे नागरिकत्व घेतलेला ओझू मोरेइरा 2019 च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरला, यावरून जपानने ब्राझीलची विद्या किती मनापासून आत्मसात केली हे कळते. इराणने 2013, 2017, 2023 आणि 2025 असे चार वेळा विजेतेपद मिळवले असून 2023 च्या अंतिम सामन्यात त्याने जपानला 6-0 असे नमवले. इराणमधील एक नावाजलेला बीच सॉकर क्लब समुद्रापासून दूर असलेल्या यझ्द या वाळवंटी शहरातला आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अफगाणिस्तान आणि उझबेकिस्तान यांसारखे किनाराच नसलेले देशही ही स्पर्धा खेळले आहेत.

भारत 2007 नंतर थेट 2025 मध्ये, थायलंडमधील पट्टाया येथे, या स्पर्धेत परतला आणि 16 संघांच्या त्या स्पर्धेत त्याचे आव्हान गट साखळीतच आटोपले. मधल्या काळात देशात या खेळाची घडीच बसलेली नव्हती. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 2023 मध्ये सुरतला झाली आणि ती केरळने जिंकली. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही बीच फुटबॉलचा समावेश होता. कोकणात आणि गोव्यात ओहोटीच्या वेळी पुळणीवर फुटबॉल खेळणारी मुले सर्रास दिसतात, परंतु ती खेळतात ती भरतीच्या पाण्याने घट्ट बसलेल्या ओल्या वाळूवर, जिथे चेंडू जवळजवळ गवतावरच्यासारखाच घरंगळतो. चेंडू उचलून हवेत खेळवण्याची सवय त्यातून लागत नाही. ती कोरड्या, सैल आणि खोल वाळूवरच लागते, आणि तसे मैदान चाळलेली वाळू भरून किनाऱ्यापासून कितीही दूर तयार करता येते.