शेवटच्या तांब्याची करामत

केस धुताना दोन उलटी कामं एकदम हवी असतात: तेलकट मळ निघावा आणि केस राठ होऊ नयेत. महाड-पोलादपूरकडच्या जुन्या न्हाणीघरांत ही कामं रिठा, शिकेकाई आणि जास्वंदीची पानं वाटून घेत. रिठ्यातलं सॅपोनिन तेल सोडवतं, शिकेकाईचं पाणी आंबट असतं आणि जास्वंदीच्या बुळबुळीत रसामुळे ओल्या केसांतला गुंता सुटतो. पण हा रस पाण्याबरोबर बराचसा वाहून जातो, कारण केसाला धरून ठेवेल असा धनभार त्याच्यावर नसतो.

मुद्दा भाराचाच आहे. सामू ३.७ च्या वर गेला की केसाचा पृष्ठभाग ऋणभारित होतो. शाम्पूचा सामू बहुधा ५ ते ६ असतो. कंडिशनरमधले धनभारित रेणू म्हणूनच केसाला चिकटतात. मात्र शाम्पूतलं सोडियम लॉरेथ सल्फेट ऋणभारित. दोन्ही थेट मिसळले तर ते एकमेकांनाच बिलगतात आणि दोघांचंही काम बिघडतं.

यावरचा तोडगा फार देखणा आहे. सेल्युलोजपासून किंवा गवारीच्या बियांच्या गोंदापासून धनभारित बहुवारिक बनवतात आणि ते अगदी थोडं, बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, घालतात. बाटलीत सल्फेटची रेलचेल असल्याने ते विरघळलेलं राहतं. डोक्यावर पाणी ओतलं की द्रावण पातळ होतं, भारांचा तोल बदलतो आणि दोघांची मऊ, ओलसर साय वेगळी होऊन केसावर बसते. फेस धुऊन काढणारं पाणीच केस मऊ करतं! युनियन कार्बाइडमधल्या डेस्मंड गॉडर्ड यांनी १९७० च्या दशकात अशा मिश्रणांचा कसून अभ्यास केला. जाहिरातींत केराटिन आणि वनौषधी मिरवतात. गॉडर्ड यांचं नाव रसायनतज्ज्ञांबाहेर क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

ही साय सिलिकोनचे बारीक थेंबही केसापर्यंत नेते. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत ‘पर्ट प्लस’ने शाम्पू आणि कंडिशनर एकत्र असलेला टू-इन-वन शाम्पू घराघरांत नेला. थेंब बाटलीत वर येऊ नयेत म्हणून घातलेल्या ग्लायकॉल डायस्टिअरेटच्या स्फटिकांमुळे शाम्पूला मोतिया झाक येते. बहुवारिक जास्त झालं तर मात्र ते धुण्यागणिक साचतं आणि बारीक केस चपटे, जड दिसतात.

फेसाचे घटक रायगडातच तळोज्याला गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स बनवते, तर महाड एमआयडीसीत प्रिवी कंपनीच्या कारखान्यात टर्पेंटाइनपासून सुगंधी रसायनं तयार होतात. सुगंध दिसतो तेवढा निरुपद्रवी घटक नाही. त्याचे तेलकट रेणू फेस करणाऱ्या घटकांच्या पुंजक्यांत शिरतात आणि शाम्पूचा दाटपणा बदलतो. म्हणून सुगंध मिसळल्यावर दाटपणा मोजतात आणि साधं मीठ थोडं थोडं घालून तो हवा तेवढा आणतात.