मनगटाविना पट्टा

पोलादाआधी हातात काठी येते. कोल्हापुरातल्या मर्दानी खेळाच्या सरावात एक पोर लाठी गरगर फिरवत असते आणि वस्ताद मात्र बघत असतात तिचे पाय. पवित्रा चुकला की लगेच थांबवतात. "पाय टाक आधी, पोरी. काठी येतीय मागनं."

दांडपट्ट्याला हात लागतो तो पुष्कळ नंतर. पट्ट्याची मूठ जवळजवळ कोपरापर्यंत हात गिळते. आतल्या आडव्या दांडीवर बोटं आवळली की मनगट वळतच नाही. तलवारीचा वार मनगटाने फिरवता येतो, इथे तो खांद्यातून काढावा लागतो. खांद्याला कंबरेची साथ हवी, कंबरेला पायांची. नवखी मुलं कोपरातून हिसका देतात. लवचिक पातं मग थरथरतं, वाट सोडतं. ते थोपवायला जाऊ नये. आलेल्या फिरकीतच पुढचं पाऊल टाकावं, म्हणजे दुसरा वार आपसूक निघतो. जमिनीवरचं लिंबू कापायचं तेही असंच, फिरता फिरता. लिंबाकडे बघत थबकलं की पातं हमखास मातीत.

झाशीची राणी जिथे लहानाची मोठी झाली त्या बिठूरला ही विद्या कशी शिकवत असतील? १८१८ मध्ये राज्य गमावलेले दुसरे बाजीराव तिथे गंगाकाठी वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर राहत. ना मोहीम, ना मुलूख. दानदक्षिणा, पंगती, मानपान तेवढे पेशवाई थाटाचे. मोरोपंत तांब्यांची मनू, हीच पुढची झाशीची राणी, त्यांच्या वाड्यात वाढली. तांबे सरदार नव्हेत, आश्रित. मल्लखांबाचे बाळंभटदादा देवधरही त्याच आश्रयाला. मनूला शस्त्रं हाताळायला मिळाली ती या रिकामपणामुळेच, असं मला वाटतं. उद्या लढाईवर जायचं असतं, तर वस्तादांनी आधी पोरगे तयार केले असते. लढाईच संपली म्हटल्यावर शस्त्रविद्या हा वाड्यातला एक खेळ उरतो, आणि खेळात मुलगी घुसली तर कोण कशाला अडवतो?

तिची सवय मात्र खेळापुरती राहिली नाही. १८५८ च्या वेढ्यात झाशीत असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे 'माझा प्रवास'मध्ये राणीची दिनचर्या सांगतात. पहाटे उठून दोन घटका मल्लखांब, मग घोडा. पट्टेकऱ्याला हा क्रम लगेच पटेल, कारण मल्लखांब घडवतो ते खांदे आणि पकड. आपल्याकडच्या चित्रांत उपसलेली तलवार असते, मल्लखांब कधीच नसतो. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. धडधाकट माणसाने खांबावर दहा मिनिटं तरी काढून बघावीत.