बरोसाच्या वृद्ध द्राक्षवेली

द्राक्षाची बाग म्हटली की नाशिक-सांगलीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मांडव उभा राहतो. खांब, खांबांवर ताणलेल्या तारा, तारांवरून पसरलेले ओलांडे आणि डोक्यावर लोंबणारे घड. वेलीला आधार हवाच, ही कल्पना मराठी मनात इतकी रुजली आहे की, आधारावाचून उभी असलेली द्राक्षवेल पाहिली तर हे द्राक्ष आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात मात्र अशा वेली आहेत. गुडघा-मांडीएवढ्या उंचीचे, पीळ पडलेले, काळवंडलेले खोड. त्यातून चहूबाजूंना फुटलेले चार-सहा आखूड हात. आणि भोवती ना खांब, ना तार. हिवाळ्यात पाने गळाली म्हणजे त्या एखाद्या जळून गेलेल्या रानातील खुंटांसारख्या दिसतात. त्यांपैकी काहींचे वय शंभराहून अधिक, तर काहींचे दीडशेच्याही पुढे आहे. त्यांच्या फळापासून होणाऱ्या तांबड्या वाइनला आज जगभर मान आहे. या मानाची कथा मद्याची जेवढी आहे, तेवढीच शेतीची आहे. म्हणून मद्याच्या थेंबालाही न शिवणाऱ्याने ती ऐकावी अशी आहे.

ॲडलेड शहराच्या ईशान्येस, साधारण दोन तासांच्या आत पोहोचता येईल अशा अंतरावर हे खोरे आहे. १८४२ मध्ये येथे बेथनी हे पहिले जर्मन खेडे वसले. प्रशियाच्या राजाने लादलेली धर्मव्यवस्था मान्य नसलेली सायलेशियातील ल्यूथरपंथी कुटुंबे समुद्र ओलांडून या वसाहतीत आली होती. गहू, फळझाडे, जनावरे यांच्या जोडीला त्यांनी द्राक्षेही लावली. शिराझ, माटारो आणि मूळची स्पेनमधील ग्रेनाश या काळ्या द्राक्षांच्या जाती तेथे चांगल्या रुजल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लावलेली काही झाडे आजही घड देत आहेत.

तार आणि खांब यांचा खर्च टाळून उष्ण, कोरड्या प्रदेशात वेल वाढविण्याची ही रीत भूमध्य समुद्राकाठी फार जुनी आहे. रोप लहान असतानाच त्याची उंची रोखतात आणि दर हिवाळ्यात छाटणी करून प्रत्येक हातावर दोन-दोन डोळ्यांचे आखूड खुंट राखतात. महाराष्ट्रात द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते, कारण तेथे वेलीला थंडीची खरी झोप लागत नाही. बरोसात वेल हिवाळाभर निद्रिस्त असते. म्हणून एकच छाटणी पुरते. वसंतात नवे कोंब सरळ वर उठतात, मग बाहेर झुकतात, आणि पानांची जणू एक छत्री होते. घड त्या सावलीत राहतात. कडक उन्हाने मणी करपत नाहीत. ग्रेनाशचे खोड बळकट आणि कोंब ताठ, म्हणून ही पद्धत तिला विशेष मानवते. गैरसोय एवढीच की, दोन्ही बाजूंनी वेलीच्या ओळीवरून चालणारे तोडणीचे यंत्र येथे निरुपयोगी ठरते. घड माणसानेच वाकून तोडावे लागतात.

वय वाढल्याने वेलीत काय पालटते? मुळे वर्षानुवर्षे खोल उतरतात, म्हणून पाऊस ओढ देतो तेव्हाही ती तग धरते. जाड खोडात अन्नाचा साठा असतो. फळ मात्र कमी लागते. घड थोडे आणि बहुधा मणी लहान असल्यामुळे रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. तांबड्या वाइनच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. कारण काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा पांढरटच असतो, आणि रंग व तुरटपणा सालीतून येतात. म्हणून मणी चिरडून रस सालीसकट आंबवितात. किण्वाच्या योगाने साखरेचे मद्यार्क होते आणि त्या काळात साल आपला रंग रसाला देते. ग्रेनाशची साल पातळ, म्हणून तिची वाइन गडद नसते. तीत रासबेरीसारख्या फळांचा सुवास आणि मसाल्याची किंचित झाक असते. तथापि केवळ वय हा गुणाचा दाखला नव्हे. निकृष्ट जागी लावलेली वेल म्हातारी झाली म्हणून उत्कृष्ट होत नाही. परंतु निकृष्ट बाग कोणी शंभर वर्षे राखीतही नाही.

या वेली टिकल्या कशा, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किड्याने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकेतून आलेला हा किडा मुळांवर जगतो. त्यावर उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधण्याचा. १८७७ मध्ये किडा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात आढळला. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र १८९९ मध्ये खास कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या वेलींवर कडक निर्बंध घातले. किडा तेथे शिरला नाही. म्हणून बरोसाच्या जुन्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

जे किड्याला साधले नाही, ते बाजाराने बरेचसे साधले. १९७० नंतरच्या काळात ऑस्ट्रेलियन ग्राहकाची रुची पांढऱ्या वाइनकडे वळली. पूर्वी गोड, मद्यार्क मिसळलेल्या वाइनसाठी खपणारी ग्रेनाश कोणी विचारीना. काळ्या द्राक्षांचे ढीग पडून राहू लागले. अखेर १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास सरकारने वेली उपटणाऱ्या शेतकऱ्यास अनुदान देण्याची योजना आणली. हिशेबाच्या वहीत जुनी वेल ही तोट्याची बाब होती, कारण तिचा उतारा कमी होता. पणजोबांनी लावलेल्या वेली पणतवंडांनी उपटून जाळल्या. कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्यास यासाठी दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

काहींनी वेली राखल्या, आणि त्यांच्या पाठीशी काही मद्यनिर्मातेही उभे राहिले. ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाचे चिरंजीव पीटर लेमन हे त्यांपैकी एक. ज्या कंपनीत ते काम करीत, तिने शेतकऱ्यांची द्राक्षे घेऊ नयेत असे ठरविले. आपण दिलेला शब्द मोडावयाचा नाही म्हणून लेमन यांनी १९७९ मध्ये स्वतंत्र उद्योग उभारला आणि ती द्राक्षे विकत घेतली. त्यांच्याप्रमाणेच इतर लहान मद्यनिर्मात्यांनीही जुन्या वेलींच्या फळाला वाजवी भाव दिला. १९९० नंतर परदेशातून मागणी वाढली, तेव्हा थोड्या वर्षांपूर्वी उपटलेल्या वेलींची खरी किंमत सर्वांस कळून आली.

२००९ मध्ये बरोसाच्या उत्पादकांनी वेलींच्या वयाची अधिकृत वर्गवारी ठरविली. ३५ वर्षांची वेल ‘जुनी’, ७० वर्षांची ‘तगलेली’, शंभराची ‘शतायुषी’ आणि १२५ वर्षांवरील ‘पूर्वज’. ही नावे कायद्याने रक्षण देत नाहीत. पण ज्या गोष्टीला नाव मिळते, ती उपटताना हात थोडा थबकतो.

नवीन वेल लावावयास एक सकाळ पुरते. तिला पूर्वज होण्यास १२५ वर्षे लागतात, आणि हा काळ कोणत्याही अनुदानाने विकत मिळत नाही. म्हणून बरोसात दर हिवाळ्यात कोणीतरी कात्री घेऊन त्या काळ्या खोडांपुढे वाकतो, दोन डोळे राखतो आणि बाकीची काडी काढून टाकतो. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी नेमके हेच केले होते.